हंगामी पाळक नेमण्याची सोपी रीत

ही मार्गदर्शिका न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल चर्चच्या नवख्या सभासदांसाठी आहे. खास करून त्यांच्यासाठी, जे रविवारच्या उपासनेनंतर कॉफी प्यायला थांबले आणि घरी जाताना नेमणूक समितीचे सदस्य होऊन गेले. नगर-सोलापूरकडून तिकडे स्थायिक झालेल्या मराठी सभासदांनी तर ती जरूर वाचावी. आपल्याकडे पाळकसाहेबांची बदली झाली की बिशपांचं पत्र येतं. मंडळी जुन्यांना एक हार घालते, नव्यांना दुसरा, आणि विषय संपतो. गंमत अशी की १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट ज्या परंपरेतले, तिच्यात पाळक निवडायचा हक्क मंडळीचाच असतो. मॅसॅच्युसेट्समध्ये १६४८च्या केंब्रिज प्लॅटफॉर्मने तो लेखी नोंदवून ठेवला. त्या मिशनच्या आपल्याकडच्या मंडळ्या पुढे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या, जे १९७०मध्ये नागपुरात स्थापन झालं, आणि बिशपांच्या अखत्यारीत आल्या. तिकडच्या मंडळ्यांवर बिशप नाही. म्हणून त्यांना समित्या आहेत.

पूर्वतयारी

कायमचे पाळक मंडळीच्या मतदानाने येतात. हंगामी पाळकांची गोष्ट वेगळी. जुने पाळक गेले की नवे मिळेपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातात, आणि तेवढ्यापुरता माणूस सहसा कौन्सिलच करार करून आणते. म्हणजे नियमाप्रमाणे सभासदांना विचारायची गरज बहुधा नसते. पहिल्याच बैठकीत कुणीतरी घटनेची प्रत उघडून हे सांगेलच. त्यांना सांगू द्या. फक्त इतिवृत्तात घेऊ नका. तीन महिन्यांनी ते वाक्य पार्किंगमध्ये ऐकू येईल, आणि तेव्हा तुमचं नाव घेऊन.

पायरी १ : मंडळीला खरं काय हवंय ते ओळखा

मंडळीला हंगामी पाळक नको असतात. मंडळीला जुने पाळक परत हवे असतात. काही जणांना ते आणखी दहा वर्षं आधीच जायला हवे होते. हे दोन्ही गट एकाच बाकावर बसतात आणि एकच स्तोत्रपुस्तक धरून गातात.

लॉरेन मीड यांनी १९७४मध्ये ऑल्बन इन्स्टिट्यूट काढली. मधल्या काळात मंडळीने उरकायच्या पाच कामांची त्यांची यादी अजून वापरात आहे: आपल्या इतिहासाशी समेट करणे, आपण आता कोण आहोत ते शोधणे, कारभाऱ्यांमधले बदल पचवणे, पंथाशी नातं पुन्हा जोडणे आणि नव्या पाळकांसाठी मन तयार करणे. यादीत गळकं छप्पर नाही, हे लक्षात ठेवा. नवख्या समित्या हंगामी पाळकांना पहिल्या दिवशी छपराखालीच नेतात.

पायरी २ : प्रश्नावली काढा, पण जपून

‘आपल्याला कसे पाळक हवेत?’ हा प्रश्न विचारू नका. उत्तरं ठरलेली आहेत: प्रवचन सखोल असावं आणि बारा मिनिटांत संपावं, तरुणांना खेचून आणावं आणि गाण्यांना हात लावू नये, दार सदैव उघडं असावं आणि हीटिंगचं बिल वाढू नये. ही उत्तरं भिंतीवरच्या मोठ्या कागदावर लिहून सभासदांना रंगीत ठिपके चिकटवायला दिले, की सगळ्या ओळींपुढे सारखेच ठिपके येतात. समितीने तीन आठवडे घालवून शोधलं काय, तर सगळ्यांना सगळं हवंय.

त्याऐवजी असं विचारा: ‘गेल्या पाच वर्षांत इथली कुठली गोष्ट तुम्हाला लागली? त्याबद्दल कुणाशी बोललात का?’ आणि ‘पुढच्या वर्षभरात एकच गोष्ट मार्गी लागणार असेल, तर ती कोणती?’ कागद कमी परत येतील. आलेले मात्र दोन्ही बाजूंनी भरलेले असतील.

पायरी ३ : घरोघरी बैठका घ्या

आठ-दहा माणसं, कुणाच्या तरी दिवाणखान्यात, दीड तास. समितीचे दोघे हजर: एक लिहिणार, दुसरा गप्प बसणार. गप्प बसणारा नीट पारखून निवडा; तुमच्या समितीत असा एकच माणूस असेल.

पहिला अर्धा तास गालिच्याच्या रंगावर जातो. जाऊ द्या. मग खजिनदार म्हणतील की वर्गण्या घटल्या ‘तो विषय’ निघाल्यापासून, आणि सगळे बशीतल्या कुकीजकडे बघू लागतील. अशा वेळी हसून पुढचा प्रश्न घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. जरा थांबलं की कोपऱ्यातल्या, चाळीस वर्षं काही न बोललेल्या आजी हातातला कप खाली ठेवतात आणि सांगतात, की यजमान हॉस्पिटलात होते तेव्हा पाळक एकदाच आले, तेही घाईत. यावर लगेच कुणीतरी पाळकांची बाजू घेईल. लिहिणाऱ्याने दोन्ही लिहावं. हंगामी पाळकांना पहिल्या महिन्यात लागणारी माहिती हीच, आणि ती कुठल्याही तक्त्यात मावत नाही.

फक्त नाताळ आणि ईस्टरला येणाऱ्यांनाही बोलवा. ते येणार नाहीत, पण बोलावलं होतं हे पुढे कामाला येतं. तरुणांना बोलावताना वेळ त्यांना विचारून ठरवा. मंगळवारी सकाळी अकरा ही वेळ ठेवून ‘तरुण येतच नाहीत’ असा अहवाल देता येतो, आणि पुष्कळ समित्यांनी तो दिलेला आहे.

पायरी ४ : समितीत कोण असावं

कौन्सिलचे दोघे-तिघे, बाहेरचे दोघे-तिघे. नवा सभासद एक असावा. ऑर्गन वाजवणाऱ्यांना घेण्यापूर्वी विचार करा, कारण ते पगारी असतील तर आपला साहेब आपणच निवडल्यासारखं होतं. जुन्या पाळकांचे सर्वांत जवळचे स्नेही आणि त्यांचे सर्वांत कडवे टीकाकार, दोघांनाही बाहेर ठेवायचं असेल तर ठेवा. मात्र दोघांशी स्वतंत्रपणे तासभर बोला. एकालाच आत घेतलंत, तर दुसरे आपली समिती काढतील आणि ती तुमच्यापेक्षा नियमित भरेल.

पायरी ५ : कुठे विचारणार नाही, ते आधी सांगा

नवखे लोक हमखास इथे घसरतात. उमेदवारांची नावं गुप्त ठेवावी लागतात, कारण उमेदवार दुसऱ्या मंडळीत सेवेत असू शकतात आणि तिकडे अजून कुणाला पत्ता नसतो. म्हणजे नावांवर खुली चर्चा नाही, ठिपकेही नाहीत. हे बैठका सुरू व्हायच्या आधी लेखी कळवा: कामाची यादी ठरवण्यात तुमचा सहभाग आहे, समितीत तुमची माणसं आहेत, पगाराचा आकडा अंदाजपत्रकात तुम्हीच मंजूर करणार आहात, माणूस मात्र समिती सुचवेल आणि कौन्सिल नेमेल. ‘तुमचं मत आम्हाला मोलाचं आहे’ एवढंच लिहून सोडलंत, तर लोक ते खरं मानतील आणि मतदानाची तारीख विचारतील.

पायरी ६ : सर्वसाधारण सभा

हेन्री रॉबर्ट हे अमेरिकन लष्करातले इंजिनिअर. १८६३मध्ये न्यू बेडफर्डच्या बॅप्टिस्ट चर्चमधल्या एका सभेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं आणि सभा त्यांच्या हाताबाहेर गेली. त्यांनी सभाशास्त्राचा अभ्यास केला आणि १८७६मध्ये नियमांचं पुस्तकच छापलं. ते आज अमेरिकेत जागोजागी वापरतात. चर्चच्या सभेने एका लष्करी इंजिनिअरवर ही पाळी आणली, तेव्हा तुमच्या धीराची फार परीक्षा घेऊ नका. पुस्तक जवळ ठेवा, बोलायला माणशी दोन मिनिटं द्या आणि घड्याळ अशा बाईंच्या हाती द्या ज्यांना सगळे घाबरतात.

पायरी ७ : जुन्या पाळकांना जाऊ द्या

नॉर्दॅम्प्टनच्या मंडळीने १७५०मध्ये जोनाथन एडवर्ड्स यांना काढलं. त्यांच्या बाजूने तेवीस मतं पडली, विरोधात दोनशेहून जास्त. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या धर्मपंडिताला घालवल्यावर गावाच्या लक्षात आलं, की येत्या रविवारी प्रवचन कोण देणार हे ठरलेलं नाही. मग त्यांनाच विनंती झाली. एडवर्ड्स १७५१पर्यंत त्याच व्यासपीठावरून त्याच लोकांना प्रवचनं देत राहिले. ही पद्धत अनुकरणीय नाही.

आता बहुतेक पंथांचा दंडक असा, की गेलेल्या पाळकांनी जुन्या मंडळीत लग्न-अंत्यविधी परस्पर करू नयेत. नव्यांनी बोलावलं तर यावं. हे उमेदवार येण्याआधीच सभासदांना सांगा. हंगामी पाळकांच्या तोंडून पहिल्यांदा कळलं, तर राग त्यांच्यावर निघतो.

शंकासमाधान

*सभासदांनी सांगितलेलं सगळं हंगामी पाळकांना द्यायचं का?* नावं काढून, हो. समितीला लाज वाटते तेवढाच भाग गाळून उरलेलं दिलंत, तर त्यांच्या हाती फक्त छप्पर येईल.

*‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ असं तरीही कुणी म्हणालं तर?* म्हणणारच. बैठकांची हजेरी दाखवू नका. ‘आता विचारतो’ म्हणा आणि वही काढा.

*हंगामी पाळक आवडले तर त्यांनाच कायम करता येईल का?* बहुतेक ठिकाणी नाही. तसं कलम करारातच घालतात. ज्यांना उद्या तुमची मतं हवी आहेत, ते वर्गण्या का घटल्या हे आज तोंडावर सांगणार नाहीत. ज्यांना जायचंच आहे, ते सांगतील. म्हणून हे कलम पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. हंगामी पाळकांना ज्यांचा विरोध असतो, त्यांना ते भारी आवडतं. दीड वर्षाने ते काढून टाकायचा ठराव हीच मंडळी सह्यांसकट घेऊन येतील. तेव्हा आपलं काम फत्ते झालं असं समजा, आणि ठराव फेटाळून लावा.