मामा केंदाळात

आमचं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचा नरसिंह. वर्षातून एकदा दर्शनाला यावं अशी त्याची अपेक्षा असते, आणि तीन वर्षांतून एकदा जावं अशी आमची परंपरा. या वैशाखात मात्र आम्ही गेलो ते भाचीच्या प्रकल्पासाठी. नववीतून दहावीत जाणाऱ्या मुलांना शाळेने सुट्टीचं काम दिलं होतं : पर्यावरणातल्या वीस संज्ञा, आणि प्रत्येक संज्ञेला प्रत्यक्ष पाहिलेलं एक उदाहरण. ‘प्रत्यक्ष पाहिलेलं’ या शब्दांखाली बाईंनी दोन रेघा मारल्या होत्या.

“त्यात काय!” मी म्हणालो. “नदीवर चल, दोन तासांत वीस उदाहरणं दाखवतो.”

माझं जीवशास्त्र बारावीलाच संपलं. खरं तर ते बेडकाने संपवलं. पण आदल्या हिवाळ्यात मी भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पाहायला गेलो होतो आणि येताना एक दुर्बीण, चौदा खिशांचं जाकीट आणि पुष्कळशी मतं घेऊन आलो होतो.

“एक उदाहरण इथेच लिहून टाक,” बायको भाचीला म्हणाली. “परजीवी. बांडगूळ. सोफ्यावर बसलंय.”

मी शास्त्रीय भूमिका सोडली नाही. बांडगूळ पूर्ण परजीवी नसतं, त्याला स्वतःची हिरवी पानं असतात, ते अन्न स्वतः तयार करतं, पाणी आणि क्षार तेवढे यजमान झाडाकडून घेतं, असं सांगितलं. बायको म्हणाली, “म्हणजे ते तुमच्यापेक्षा बरं.” भाचीने लिहून घेतलं. एकोणीस उरल्या.

रात्री जागून मी एका दोनशे पानी वहीत सगळ्या व्याख्या उतरवल्या. सुरुवात भारदस्त केली : ‘इकॉलॉजी’ हा शब्द हेकेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ साली घडवला, त्यातला ग्रीक ‘ओइकोस’ म्हणजे घर. बायकोला वाचून दाखवलं. घराचा अभ्यास करायचाच असेल तर चहाची गाळणी कुठे असते इथपासून करा, असं ती म्हणाली.

इंदापूर सोडल्यावर दुतर्फा ऊस आणि ऊसच. पुणे जिल्हा चिंचोळा होत होत जिथे संपतो, तिथे नरसिंहपूर. एका अंगाने नीरा येते, दुसऱ्या अंगाने भीमा. दोन्हींच्या पलीकडे सोलापूर जिल्हा. देऊळ उंचावर, खाली दगडी घाट, समोर संगम. बायको ओटीचं सामान घ्यायला वर गेली. मी जाकीट घालून, दुर्बीण गळ्यात अडकवून नदीकाठाने निघालो. मागे भाची, पेन उघडून.

पहिलं उदाहरण चालून आलं. एक म्हैस चरत होती आणि तिच्या पायांशी चार गायबगळे. विणीचे दिवस, त्यामुळे त्यांची डोकी बदामी झालेली. “सहभोजिता,” मी म्हणालो. “म्हशीच्या पायांनी गवतातले किडे उडतात, बगळे टिपतात. बगळ्याचा फायदा, म्हशीचं काही जात नाही आणि येतही नाही.” हे इतकं बिनचूक जमलं की तिथेच थांबायला हवं होतं.

पुढची संज्ञा ‘मायावरण’. म्हणजे परिसराच्या रंगात असं मिसळून जायचं की कुणाला दिसूच नये. मी एका गोटाळ माळावर उभा राहिलो, दुर्बीण चौफेर फिरवली आणि जाहीर केलं, “मायावरणाचं उदाहरण मात्र इथे नाही.”

तेवढ्यात डोक्यावर कल्ला सुरू झाला. टिटवी. आधी एक, मग जोडीदार. केकाटत वर जायची आणि थेट माझ्या टाळूवर सूर मारायची. मी दोन्ही हातांनी डोकं झाकून वाकलो. बायकोच्या मते तिथे वाचवण्यासारखं काही उरलेलं नाही, पण सवय असते. भाची शांतपणे म्हणाली, “मामा, हलू नकोस. तुझ्या डाव्या चपलेपाशी चार अंडी आहेत.”

होती. मातकट, काळ्या ठिपक्यांची, गोट्यांत गोट्यांसारखी. घरटं म्हणून चार खडे बाजूला सारलेले, बस. पाऊल टाकलं असतं तर त्या दिवशी मायावरणाचं ऑम्लेट झालं असतं. टिटवी समुद्र आटवते अशी म्हण आहे. माझा तर नुसता घामच होता, तो तिने तेवढ्यात आटवला. भाचीने दोन संज्ञा लिहिल्या : मायावरण आणि क्षेत्ररक्षण. दोन्हींपुढे कंसात ‘मामा’.

मी बाभळीखाली बसलो. विलायती बाभूळ. हिची सावली विरळ आणि काटे भरगच्च, हे कळायला बसावं लागतं. उठताना वही खालीच राहिली. पाठ वळवून पँटमधली कुसळं काढत होतो, तोवर मागे ‘खर्रर्र’ असा आवाज आला. एक काळी शेळी ‘उत्पादक’ या पानाचा शेवटचा तुकडा ओठांनी आत ओढून घेत होती. ‘प्राथमिक भक्षक’ आधीच गेलेलं. माझ्या डोळ्यांत बघत, जबडा आडवा फिरवत तिने ‘सहजीवन’ही फाडलं.

मी ओरडलो. शेळीची मालकीण, डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी, सावकाश आली.

“आजी, तुमच्या शेळीने माझी वही खाल्ली!”

“खाऊ द्या की. कागुद खाल्ला म्हून काय हुत न्हाई शेरडीला.” मग जरा काळजीने, “पैशे हुते का आत?”

“नाही, व्याख्या होत्या.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

भाचीला हसू आवरत नव्हतं, पण पेन चालू होतं. कागद वनस्पतीचा, त्यातलं सेल्युलोज शेळीला एकटीला पचत नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव ते फोडतात, शेळी त्यांना राहायला ऊबदार जागा देते. दोघांचाही फायदा. म्हणजे शेळीने सहजीवनाची व्याख्या सहजीवनाच्याच बळावर पचवली होती. माझ्या वहीत इतकं चांगलं उदाहरण नव्हतं. माझ्या वहीत शैवाल आणि बुरशीचं दगडफूल होतं, जे सगळ्यांच्याच वहीत असतं.

आता इज्जतीचा प्रश्न होता. ‘आक्रमक प्रजाती’ बाकी होती आणि ती मला वहीशिवाय येत होती. गाजरगवत सांगता आलं असतं, परदेशी गव्हाबरोबर आलं असं म्हणतात ते, आणि १९५५च्या सुमारास खुद्द पुण्यातच नोंदलेलं. पण मला काहीतरी देखणं हवं होतं. नदीच्या कडेला जांभळट फुलांचे तुरे डोलत होते.

“जलपर्णी!” मी हात पसरून म्हणालो. “मूळची दक्षिण अमेरिकेची. फुलं सुंदर म्हणून लोकांनी तळ्यांत आणून सोडली आणि ती पसरत सुटली. पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. खाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात. देठ फुगीर असतात, आत हवा, म्हणून ती तरंगते. थांब, देठ कापूनच दाखवतो.”

फुलांच्या अलीकडे छान हिरवळ होती. तिच्यावर मी पाय ठेवला.

“आवं पावनं, त्ये केंदाळ हाय!” म्हातारी ओरडली.

आता यात चूक कुणाची ते सांगतो. मला जलपर्णी माहीत होती. तिचं मूळ गाव माहीत होतं, तिची हवेची पिशवी माहीत होती. केंदाळ म्हणजे तीच जलपर्णी, हे मात्र माहीत नव्हतं. त्यामुळे तो शब्द कानातून डोक्यात पोहोचेपर्यंत दुसरा पायही हिरवळीवर पडला होता, आणि ती हिरवळ नव्हतीच. मी उभाच्या उभा कमरेपर्यंत खाली गेलो. तरंगण्याची सोय झाडाने स्वतःपुरती केलेली असते, नव्वद किलोच्या व्याख्यात्यासाठी नाही. खाली गार, बुळबुळीत चिखल. गुडघ्याशी काहीतरी वळवळलं. ते काय होतं हे मला आजही जाणून घ्यायचं नाही.

म्हातारीने शेळ्या हाकायची काठी पुढे केली. भाचीने तिचं टोक माझ्या हातात देण्याआधी एक फोटो काढला.

वर घाटावर आलो तेव्हा दिवस कलला होता. कमरेखाली निथळतोय, खांद्यावर केंदाळाची मुळं, जाकिटाच्या चौदा खिशांत भीमा. देवळाच्या पायऱ्या चढू लागलो तशी लोकांनी वाट दिली. एका बाईंनी हात जोडले. दुसऱ्या आपल्या सुनेला म्हणाल्या, “ओलेत्यानं आल्यात. नवस आसंल.” मी खुलासा केला नाही. उभ्या आयुष्यात माझ्याबद्दल झालेला हा एकमेव चांगला गैरसमज.

आत वाळूची मूर्ती. प्रल्हादाने केली अशी श्रद्धा आहे. निथळत्या अंगाने आत जायला धीर होईना, म्हणून दाराशीच बसलो. भाची शेजारी बसली.

“मामा, एक अवघड राहिलीये. ‘संक्रमण पट्टा’. दोन परिसंस्था जिथे भेटतात ती जागा. दोन्हीकडचे जीव असतात आणि काही फक्त तिथलेच.”

वही शेळीच्या पोटात होती, त्यामुळे विचार करावा लागला. समोर नदीचा काठ, धड पाणी नाही, धड जमीन नाही. आणि पाठीशी तो, धड माणूस नाही, धड सिंह नाही. ना घरात ना बाहेर, उंबरठ्यावर. ना दिवसा ना रात्री, तिन्हीसांजेला प्रकटलेला. मी एवढंच म्हणालो, “तू आत्ता त्याच्याच दारात बसलीयेस.” तिने एकदा आत पाहिलं, एकदा नदीकडे, आणि पहिल्यांदाच कंसात ‘मामा’ न लिहिता पान भरलं.

विसावी संज्ञा, ‘बीजप्रसार’, राहूनच गेली. तिने तिथे दगडफुलासारखंच काहीतरी पुस्तकी लिहून वही शाळेत दिली.

घरी आल्यावर बायकोने माझी पँट बाल्कनीत झटकली होती, तुळशीच्या कुंडीवर. आषाढात तुळशीशेजारी एक रोप आलं, श्रावणात त्याने उलट्या काट्यांचा तुरा काढला. आघाडा. पत्रीच्या वेळी बायकोने त्याच्या चार डहाळ्या खुडल्या आणि मला म्हणाली, “यंदा मंडईतून जुडी आणायला नको. पँट मात्र दर वर्षी हीच घालून जात जा.”