विलासच्या डोक्यावरचा कॉमा

अकलूजमध्ये सध्या उसाच्या खालोखाल कशाचं पीक जोमात असेल, तर ते वरच्या कॉमाचं. इंग्रजीत त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. फ्लेक्स छापणारा पोरगा त्याला ‘वरचा कॉमा’ म्हणतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘ते टाका की वर काहीतरी.’ पाटीवर ते काहीतरी असलं की साध्या मिसळीलाही एसी हॉलचा भाव लावता येतो.

नियम सोपा आहे. नाव, कॉमा, एस. घोळ होतो नावच एसवर संपलं की. आणि आपल्याकडं विलास, सुहास, उल्हास, श्रीनिवास यांची टंचाई कधीच नव्हती. समजा, एखाद्या विलासनं टेंभुर्णी रस्त्याला फॅमिली रेस्टॉरंट काढलं. एक एस नावात आहेच. आता कॉमा त्याच्या आधी की नंतर? नंतर दिला तर आणखी एक एस विकत घ्यायचा, की आहे त्यातच भागवायचं? फ्लेक्सवाल्याला रात्रीत चाळीस वाढदिवस छापायचे असतात. तो आहे त्या एसच्या आधी कॉमा ठोकतो आणि मोकळा होतो. त्यासरशी हॉटेल ‘विला’ नावाच्या कुणा इसमाच्या मालकीचं होतं. फेरफार नाही, तलाठी नाही, मुद्रांक शुल्क नाही.

बरं, ज्यांची भाषा त्यांना विचारावं, तर तिथं आपल्यापेक्षा जास्त भावकी. लंडनमधल्या सेंट जेम्सच्या नावाच्या रेल्वे स्टेशनावर कॉमानंतर आणखी एक एस आहे; न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानालाही सेंट जेम्सचंच नाव, पण तिथं नुसता कॉमा. नाव एक, सातबारे दोन. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सस राज्याच्या फाशीच्या कायद्याचा खटला पाच विरुद्ध चार असा सुटला. बहुमताच्या निकालात न्यायमूर्ती थॉमस यांनी ‘कॅन्ससचा’ लिहिताना नुसता कॉमा दिला, तर विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी पुढं एसही जोडला. (थॉमस यांचं स्वतःचं नावही एसवरच संपतं, हा योगायोग समजावा.) पुढच्याच वर्षी आर्कान्सॉ राज्याच्या प्रतिनिधिगृहानं चक्क ठराव केला, की आमच्या राज्याच्या नावापुढं कॉमा आणि एस दोन्ही लागतील. आपल्याकडं ग्रामसभेत असा ठराव कुणी मांडला असता, तर पाणीपट्टीवाल्यांनी त्याला माइकपाशी टिकू दिलं नसतं. २०२४ मध्ये कमला हॅरिस उभ्या राहिल्या तेव्हाही एका वृत्तसंस्थेचा कॉमा एकटा आणि मोठ्या दैनिकांचा एससकट. निवडणूक संपली, कॉमाचा निकाल राखून ठेवला.

मग आपलं सरकार मदतीला आलं. २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. पाटी मराठीत हवी, देवनागरीत हवी, मराठी अक्षरं आधी हवीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नकोत. दहापेक्षा कमी कामगार असले तरी सुटका नाही. दारूच्या दुकानाला महापुरुषाचं किंवा गडकिल्ल्याचं नाव नको, इथपर्यंत बारकाई. मुंबईचे व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तर सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टानं त्यांनाच दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हापासून आपला विलासही कायदा पाळतो. त्याची नवी पाटी ठळक देवनागरीत आहे: ‘विलास’स फॅमिली रेस्टॉरंट’. अक्षरं मराठी, कॉमा साहेबाचा, दंड शून्य. षष्ठी विभक्तीबद्दल कायद्यात अवाक्षर नाही.

पण देवनागरीत येताच त्या एसनं दगा दिला. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यानं ‘स, ला, ते’ घोकलं आहे, त्याला ‘स’ म्हणजे द्वितीया किंवा चतुर्थी. म्हणजे पाटी सांगते, की हे रेस्टॉरंट विलासास. विलासास काय? दिलं, लागलं, की भोवलं? पतसंस्थेचे हप्ते बघता तिसरा अर्थ व्याकरणाला धरून वाटतो.

वास्तविक ‘चा’ला एसची ॲलर्जी नाही. विलासचा फड, विलासची मोटारसायकल, विलासचं बिल कारखान्याकडं अडकलेलं. कुठं खट्ट होत नाही. आषाढीत इथं रिंगण होतं तेही तुकोबांच्या पालखीचं. तिच्यावर अजून कुणी कॉमा टाकलेला नाही. तरी दुकानाच्या पाटीवर ‘चा’ लिहायचा म्हटलं, की आपल्याला धोतर नेसून लग्नाच्या रिसेप्शनला गेल्यासारखं होतं.

एकाच ठिकाणी मात्र अकलूज चुकूनही कॉमा वापरत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. तिथं ‘साहेबांचा’, ‘दादांचा’, ‘आबांचा’. कारण उघड आहे. कपबश्या विसळणारा पोरगा असो की चेअरमन, इंग्रजी कॉमा दोघांना सारखाच. त्यात ‘रावांचा’ बसत नाही, आणि ‘रावांचा’ नसलेल्या फ्लेक्सखाली शुभेच्छुक म्हणून फोटो द्यायला कोण तयार होईल?

तेव्हा खरी अडचण पुढंच आहे. गावाला २०२१ मध्ये नगरपरिषद मिळाली आहे, विलासला राजकारणाची हौस आहे. उद्या तो निवडून येऊन विलासराव झाला, तर हॉटेलच्या पाटीवर मान दाखवायचा कसा? फ्लेक्सवाल्याकडं याचं उत्तर तयार आहे.

‘मालक, दोन कॉमे देऊ.’