नानांच्या अटी

काही माणसं देऊन टाकतात, काही अजिबात देत नाहीत. आमचे नाना तिसऱ्या गोटातले. ते देतात, पण अटींवर. आंबे देतील, करंडी परत आणायच्या बोलीवर. शिडी देतील, कुठल्या भिंतीला लावणार हे विचारून. मुंबईत एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात नोकरीची सगळी वर्षं काढून ते बोर्ली पंचतनच्या घरी परतले, तेव्हा सोबत एक जुना डेस्कटॉप आला आणि अटी घालण्याचं एक अख्खं शास्त्रही आलं. नेटवर्क फाइल सिस्टीम, म्हणजे एनएफएस.

एका यंत्रातला फोल्डर दुसऱ्या यंत्रावर तिथलाच असल्यासारखा दिसावा, एवढंच त्याचं काम. सन मायक्रोसिस्टिम्सने हे १९८४ साली आणलं. देणाऱ्याने एक्स्पोर्ट करायचं, घेणाऱ्याने माउंट करायचं, आणि दोन्हीकडे पर्यायांची ही रांग. एवढ्या अटी कशाला, असं मी एकदा विचारलं. नाना म्हणाले, "सनच्या चार संस्थापकांतले विनोद खोसला जन्माने पुण्याचे." त्यांच्या लेखी विषय संपला.

नानांचं घर, शेजारी धाकट्या भावाचं, आणि गडग्यापलीकडे ज्याच्याशी वहिवाटीवरून धुसफूस आहे त्या चुलतभावाचं. तिन्ही घरं नानांनी एका वायरीने जोडली आणि त्या जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर केला. आधी वायर पोफळींवरून नेली होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात शिरलं, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि नेटवर्कही. आता वायर पाइपातून जमिनीखाली आहे. पाइप गडग्याच्या कुठल्या बाजूने जावा यावर जेवढी चर्चा झाली तेवढी सर्व्हरवर झाली नाही.

आरत्या आणि लग्नांचे फोटो सगळ्यांना, पण फक्त वाचायला. धाकट्या वहिनींच्या दोन खोल्या दिवेआगरला येणाऱ्या पर्यटकांसाठी आहेत. त्या बुकिंगच्या फोल्डरला लिहिण्याची मुभा, तीही 'सिंक' लावून. म्हणजे मजकूर डिस्कवर उतरल्याशिवाय सर्व्हर 'झालं' म्हणणार नाही. 'असिंक' लावलं की तो आधी 'झालं' म्हणतो आणि मग सवडीने करतो. मध्येच लाइट गेली तर झालेलं काम झालेलंच नसतं. नाना म्हणतात, असल्या कारभाराचा अनुभव त्यांनी कचेऱ्यांतून भरपूर घेतलाय, तो घरात नको.

माउंट करताना मात्र त्यांनी सगळ्यांना 'हार्ड' लावलंय, आणि इथे वहिनींचं त्यांच्याशी वाकडं आहे. हार्ड म्हणजे सर्व्हर गप्प झाला की समोरच्या यंत्राने आशा सोडायची नाही, विचारत राहायचं. नाना दुपारी दोन ते चार वामकुक्षी घेतात आणि विजेचं बिल वाचावं म्हणून सर्व्हरलाही झोपवतात. तेवढा वेळ वहिनींचा पडदा गोठलेला आणि पाहुणा बॅगा घेऊन ओटीवर. "भाऊजी, ते सॉफ्ट करा ना," वहिनी म्हणतात. सॉफ्ट केलं की यंत्र थोडा वेळ वाट बघून चूक दाखवतं आणि मोकळं होतं, पण लिहिताना मध्येच तसं झालं तर फाइल अर्धवट राहू शकते. "अर्ध्या बुकिंगपेक्षा थांबलेला पाहुणा बरा," नानांचं उत्तर. तंत्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. सर्व्हर न झोपवणं हा पर्याय कुठल्याच फाइलीत लिहून मिळत नाही.

गणपतीत पुण्याहून पुतण्या आला. आयटीतला, लॅपटॉपवर रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. काकांच्या सर्व्हरवर रूटच्या तोऱ्यात शिरायला गेला तर 'परवानगी नाही'. 'रूट स्क्वॉश' नावाची अट न सांगता लागू असते. बाहेरून आलेल्या रूटला सर्व्हर 'नोबडी' करून टाकतो, आकडा ६५५३४. नाना इतके खूश झाले की पहिला मोदक त्यालाच वाढला. पुतण्याने चिडून सर्व्हर कोणाकोणाला काय देतो याची यादी मागवली. जमिनीच्या कागदांच्या फोल्डरपुढे लिहिलं होतं: एव्हरीवन.

हा फोल्डर नानांनी फक्त सख्ख्या भावाला, लिहिण्याच्या हक्कासह दिला होता. पण एक्स्पोर्ट्सच्या फाइलीत भावाच्या यंत्राचा पत्ता आणि पुढचा कंस यांच्यामध्ये एक मोकळी जागा पडली होती. एनएफएस ती गांभीर्याने घेतं. कंसातला हक्क भावाचा राहत नाही, जगाचा होतो, आणि भावाला उरतं ते मुळातलं, फक्त वाचणं. "दादा, मला लिहिता येत नाही" असं भाऊ कधीचा सांगत होता आणि "तुझं टायपिंग चुकतंय" असं नाना त्याला बजावत होते. ही फाइल लागू करणाऱ्या एक्स्पोर्टएफएस या आज्ञेनेही ती ओळ वाचताना इशारा दिला होता, सुचवणीसकट. नानांना सुचवलेलं आवडत नाही.

जगातून आत आला तो चुलतभाऊ. त्याने वंशावळीची नवी प्रत करून ठेवली होती. फाइलीवर मालक म्हणून नाव नानांचंच, कारण साध्या मांडणीत एनएफएस माणूस ओळखत नाही, वापरकर्त्याचा आकडा ओळखतं, आणि या यंत्रांवरच्या उबंटू प्रणालीत पहिल्या वापरकर्त्याचा आकडा १०००, तिन्ही घरांत तोच. चुलतभावाने मात्र लपवलं नाही. "मीच केलं. आमचे पणजोबा थोरले, तुम्ही धाकटे दाखवलेत."

नानांनी रात्री बसून त्याच फोल्डरमधले जुने कागद पुन्हा चाळले. पणजोबा थोरलेच निघाले. सकाळी त्यांनी मोकळी जागा खोडली, भावाला लिहिता येऊ लागलं, आणि आता थोरल्या पातीचा ठरलेल्या चुलतभावालाही कागदांच्या फोल्डरमध्ये रीतसर प्रवेश मिळाला. फक्त वाचायला.