शुक्रवार'पर्यंत' माल : नवशिक्यांसाठी इंग्रजीचे धडे

तुम्ही वाळूजच्या एखाद्या कारखान्यात नुकतेच डिस्पॅचला लागला आहात. हाताशी चलनबुक, समोर संगणक, आणि साहेब जाता जाता सांगून गेलेत, 'कस्टमरला जरा मेल टाकून दे.' घाबरू नका. स्पेलिंग मशीन सुधारतं, क्रियापदाचंही कसंबसं निभतं. माणूस अडकतो तो ऑन, इन, बाय, टू या टिकलीएवढ्या शब्दांत.

पहिला धडा : मराठी विसरू नका. क्लासवाले म्हणतात, इंग्रजीत विचार करा. त्यांना रात्रपाळी नसते. आपल्याकडे माणूस रजेवर जातो, ड्यूटीवर येतो, माल वेळेवर निघतो. या 'वर'ला डोळे झाकून ऑन लावा : ऑन लीव्ह, ऑन ड्यूटी, ऑन टाइम. वेळेत पोचला तर इन टाइम. शॉपवर दखनी बोलणाऱ्यांना तर 'छुट्टी पे', 'टैम पे' अशी आयतीच सोय आहे.

मात्र एवढ्यावर हुरळून 'ट्रक वाटेत आहे'चं 'ट्रक इज इन द वे' करू नका. त्याचा अर्थ ट्रक आडवा उभा आहे, रस्ता अडलाय. ट्रक ऑन द वे असतो. संध्याकाळच्या वेळी गाडी शिक्रापूर-चाकण रस्त्याला लागली असेल, तर खुशाल दोन्ही लिहा.

ड्रॉइंगवरचे शेरे लिहिताना चहा बाजूला ठेवा. 'व्यास अर्ध्या एमएमने कमी करा' यातल्या 'ने'चा बाय होतो. तिथे टू लिहिलंत, तर पंचवीस एमएमचा शाफ्ट घासून पेन्सिलीच्या शिशाएवढा करायचा, असा हुकूम सुटतो. ऑपरेटर शहाणा असला तर फोन करून विचारतो. आज्ञाधारक असला तर रिजेक्शनचा डबा भरतो. रेट पाडताना परचेसवाल्यांची टू आणि बायमध्ये कधीच गफलत होत नाही, हेही पाहून ठेवा.

आता अवघड धडा. इथे आपली मराठीच दगा देते. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा सप्लाय शेड्यूल नव्हतं, म्हणून त्यांना बोल लावता येत नाही. पण 'पर्यंत' हा एकच शब्द दोन पाळ्या करतो. 'शुक्रवारपर्यंत माल पाठवा', म्हणजे कधीही पाठवा, शुक्रवार उलटू देऊ नका : बाय फ्रायडे. 'शुक्रवारपर्यंत लाइन बंद', म्हणजे तोवर सलग बंद : टिल फ्रायडे.

पहिल्याच वर्षी मी एका परदेशी ग्राहकाला ऐटीत लिहिलं, 'वुई विल सप्लाय टिल फ्रायडे.' मला म्हणायचं होतं, शुक्रवार संपायच्या आत माल तुमच्या हातात. त्यांनी वाचलं, शुक्रवारनंतर ही मंडळी माल देणं बंद करणार. गुरुवारी दुपारी फोन आला. केबिनच्या काचेतून मला साहेबांचा फक्त हात दिसत होता, कपाळावर टेकलेला. तिकडे दुसऱ्या सप्लायरकडून कोटेशन मागवूनही झालं होतं.

तेव्हापासून मी एक चाचणी करतो. 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून पाहायचं. अर्थ तोच राहिला तर बाय, फिरला तर टिल. कुणी कीस काढेल की 'शुक्रवारच्या आत' म्हणजे गुरुवारीच. मग गुरुवारी पाठवा, कुणी रागावत नाही.

किरकोळ दुरुस्त्या : 'डिस्कस अबाउट'मधला अबाउट खोडा, 'विषयी' डिस्कसच्या पोटातच आहे. 'रिव्हर्ट बॅक'मधला बॅकही खोडा. साहेबांनी स्वतः लिहिला असेल तर राहू द्या.

शेवटी पत्ता. शहराला इन, नेमक्या ठिकाणाला ॲट. बजाजचा कारखाना ॲट वाळूज, स्कोडाचा ॲट शेंद्रा, आणि आपण सगळे इन छत्रपती संभाजीनगर. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, इन तोच राहिला. पण ग्राहकाच्या पीओवर अजून औरंगाबाद छापून येत असेल, तर न विचारता बिलावर शहाणपणा करू नका. नाव जुळत नाही म्हणून पेमेंट लटकतं. पेमेंट कधी, असं विचारलंत तर उत्तर येतं. त्यात ऑन नसतो, बाय नसतो. तिथे 'अराउंड' असतो.