मेगापिक्सेल आणि तुरीचं शेत

मोबाइलची तुलना काउंटरवर आकड्यांत होते. एकाचा कॅमेरा 108 मेगापिक्सेलचा, दुसऱ्याचा 50 चा. जिंतूरच्या बाजारात 108 वालाच थोरला. प्रत्यक्षात तो नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून एरवी 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि 50 वालाही चार-चार जोडून जवळपास तेवढाच. बारदाना मोठा, माल तोच. व्हॉट्सॲपवरून पाठवला की तोही आटतो.

खरी परीक्षा शिवारात. 2021 पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्यानेच मोबाइलवर नोंदवायची आहे: तुरीत उभं राहून, लोकेशन चालू ठेवून, फोटो काढून. रेंज नसली की प्रोसेसरचे आठही कोर निमूट उभे राहतात आणि गोल चकरी फिरत राहते. हात ओला असला तर स्क्रीन मालकाचं बोटही ओळखत नाही. जाहिरातीतले ‘कमाल निट्स’ उन्हात फार टिकत नाहीत. फोन तापला की स्वतःच उजेड कमी करतो, मग रुमालाच्या सावलीत धरून वाचावं लागतं. 5000 एमएएचची बॅटरी मात्र वीज गेल्यावर इमान राखते. ट्रॅक्टरच्या आवाजात रिंग ऐकू येईल का, हा रकाना तक्त्यात नसतो. जाणतं गिऱ्हाईक आधी तीच वाजवून बघतं.