वेळेवर सुटणारे नाना

एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले आमचे नाना मुंजीला असोत की मयतीला, अर्धा तास आधी हजर असतात आणि गुरुजी येईपर्यंत घड्याळ बघत येरझाऱ्या घालतात.

नानांच्या हृदयाची तपासणी करायची होती. गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे ट्रेडमिल बाद झाली, तेव्हा डॉक्टरांनी डोब्युटामाइन देऊन स्ट्रेस इको करायचं ठरवलं. नानांनी माईंना समजावलं, "मी आडवा पडणार आणि औषध हृदयाला पळवणार. गाडी फलाटावर उभी, इंजिन मात्र घाटात!"

टेस्ट दहाची. चार तास पोट रिकामं हवं होतं. नानांनी पाचलाच घर उठवलं, पोहे करवून घेतले आणि पाच अठ्ठावन्नला बशी सरकवली. हृदयाला लगाम घालणारी बीटा ब्लॉकरची गोळी डॉक्टरांनी दोन दिवस बंद ठेवायला सांगितली होती. त्या पाकिटावर लाल शाईनं 'फेरी रद्द' असा शेरा पडला. इलेक्ट्रोड नीट चिकटावेत म्हणून छातीवरचे केस काढतात, हे कानावर येताच नाना आदल्या रात्रीच आरशासमोर बसले. अर्धी छाती भादरून झाल्यावर माईंनी रेझर काढून घेतला.

२२० मधून वय वजा करायचं, उरेल त्याचे ८५ टक्के. बहात्तरीच्या नानांना मिनिटाला १२६ ठोके गाठायचे होते. तशी चिठ्ठी खिशात होती.

डाव्या कुशीवर वळवलं, जेल लावलं, औषध सुरू झालं. दर तीन मिनिटांनी मात्रा चढते : ५, १०, २०, ३०, ४०. "थांबे ठरलेले आहेत, हे उत्तम," नाना म्हणाले. हृदय मात्र चाळीसलाही ११० च्या पुढे जाईना. जन्मभर ड्रायव्हरांना 'सावकाश' सांगणाऱ्या माणसाचं हृदय ते! शेवटी ॲट्रोपिन टोचलं, तेव्हा कुठे १२६ लागले.

"छातीत दुखतंय?"

"नाही. तुमचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे."

औषध थांबलं, ठोके उतरले. डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या भिंती छान हलताहेत."

"वेळेवर?"

डॉक्टर थबकले. रक्त कमी पडलं की हृदयाचा तो भाग कमी हलतो किंवा उशिरा आकुंचन पावतो. पडद्यावर ते नेमकं हेच तपासत होते. "सगळ्या वेळेवर, नाना."

"नीट बघा. एखादी उशिरा हलली असेल तर सांगा, मेमो काढतो."