पत्ते तेच, पत्ता बदलला

सोलापुरात चोवीस तास आणि बारा महिने, एकही दिवस खाडा न करता मिळालेली नागरी सेवा एकच. ती पाण्याची नव्हे. उजनी काठोकाठ भरली तरी आपल्या गल्लीत नळ कधी सुटणार, हे फक्त चावीवाल्याला ठाऊक असतं. ती सिटी बसचीही नव्हे. बसची वाट बघत थांब्यावर उभे राहिलेले तरुण आता नातवंडं खेळवतात. ती होती ऑनलाइन पोकरची. रात्री तीन वाजता नळाला थेंब नसे, पण टेबलावर पत्ते हजर असत.

आमच्या ओळखीत एक मालक आहेत. सोलापुरात ज्याचं नाव आठवत नाही त्याला मालक म्हणतात, आणि आठवतं त्यालाही मालकच म्हणतात, त्यामुळे त्यांचं नाव सांगण्याचा प्रश्न येत नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे माग आहेत. सुताचा भाव खाली येत नाही आणि टॉवेलला उठाव नाही, अशा एका संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर एका पोकर साइटचा निरोप आला: तुम्ही पाचशे भरा, पाचशे आम्ही घालतो. सुताच्या व्यापाऱ्यानं उभ्या आयुष्यात एक कोन फुकट दिला नव्हता. इथे मात्र तोंडओळख नसलेला माणूस निम्मं भांडवल घालायला तयार! मालकांचा भांडवलशाहीवर पहिल्यांदा विश्वास बसला.

साइटनं आधार मागितलं, पॅन मागितलं, तोंड डावीकडे-उजवीकडे फिरवून फोटो मागितला. मुलीच्या सोयरिकीत झाली नव्हती एवढी चौकशी झाली. मग पैसे भरले. त्याला तीन सेकंद लागले. साइटनं घातलेले पाचशे दिसत होते, पण हाताला लागत नव्हते. ते कुलपात होते. आपण जसजसे खेळू तसतसे ते दहा-दहा रुपयांनी बाहेर येणार, आणि दहा रुपये सुटेपर्यंत आपले पन्नास कुठे गेले हे विचारायचं नाही. निवडणुकीच्या जाहीरनाम्याची सवय असल्यामुळे मालकांना यात वावगं काही वाटलं नाही.

ज्यांना पोकर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मधे पाच पानं सगळ्यांसाठी उघडी पडतात, आणि या सातांतून चांगली पाच जुळवायची. पहिली तीन एकदम पडतात, मग एक, मग शेवटचं एक. दरवेळी पैसे वाढवायचे, बरोबरी करायची किंवा पानं टाकायची. इतकंच. बाकी सगळं चेहरा न बदलता बसण्याचं काम. आमचे मालक तीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात चेहरा न बदलता बसत आले आहेत, म्हणून त्यांना हा खेळ आपलाच वाटला. अडचण अशी की ऑनलाइन खेळात चेहरा कुणाला दिसतच नाही. तीस वर्षांचा सराव वाया.

टेबलावर सहा खुर्च्या. इतर पाच जणांची टोपणनावं शार्क, टायगर, लायन अशी. सगळं राणीच्या बागेतून सुटून आलेलं. मालकांनी स्वतःचं नाव 'सिद्धेश्वर एक्स्प्रेस' ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाले, रात्री इथून भरून निघते आणि सकाळी मुंबईत रिकामी होते. आरंभीच एवढं आत्मज्ञान झालेला दुसरा खेळाडू आमच्या पाहण्यात नाही.

एका रात्री मात्र मालकांना बदामचा एक्का आणि इस्पिकचा एक्का अशी जोडी आली. ही जोडी २२१ डावांत सरासरी एकदा येते. समोर टायगर. मालकांनी होते-नव्हते तेवढे चार हजार मधे लोटले. टायगरनं बरोबरी केली. दोघांची पानं उघडी झाली, आणि टायगरकडे निघाली किलवरची सत्ती आणि चौकटची दुर्री. पोकरमधली ही सगळ्यात दरिद्री पानं. एवढ्या पानांवर शेजारी उसनी साखरसुद्धा देणार नाही. अशा लढतीत शंभरात सुमारे ८८ वेळा एक्के जिंकतात. मधे राणी, सत्ती, चौकी पडली. मालक शांत. मग गुलाम. मालक उठून उभे राहिले, बायकोला हाक मारली, "अहो, बघा जरा." त्या माऊली डोळे चोळत आल्या आणि त्यांच्या समोर शेवटचं पान पडलं: दुर्री. पडद्यावर टायगरच्या अंगावर सोन्याची नाणी उधळली गेली. वहिनींनी विचारलं, "जिंकलाव का?"

मालकांनी त्याच रात्री साइटच्या मदतकक्षाला लिहिलं. एका यंत्रानं तत्काळ, अत्यंत अदबीनं उत्तर दिलं, की पत्ते पिसण्याची आमची पद्धत प्रमाणित आहे, तुमच्या भावनांचा आम्हाला आदर आहे, आणि आजच पैसे भरल्यास वीस टक्के जादा. महापालिकेनं तक्रारीला आजवर असं कधी उत्तर दिलेलं नाही. एवढ्यावरच मालक अर्धे विरघळले.

पुढे त्यांनी हिशेब मांडला. कारखानदार माणूस, हिशेब सोडत नाही. तेव्हा ध्यानात आलं की टायगर हा प्रतिस्पर्धी नव्हेच. प्रत्येक डावातून शेकडा पाचाच्या आसपास साइट कापून घेत होती. जुन्या अड्ड्यांवर याला नाल म्हणत. नाल काढणारा पत्ते हातात घेत नाही आणि कधी हरत नाही. त्यातून १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. म्हणजे तुम्ही हजार भरलेत की त्यातले २१८ रुपये ७५ पैसे पत्ता बघायच्या आतच सरकारजमा होत. जिंकलातच चुकून, तर निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर कापूनच पैसे हातात. आणि हरलात, तर ते नुकसान दुसऱ्या कुठल्या उत्पन्नातून वळतं करता येत नाही. सारांश, टेबलावर खुर्च्या सहा दिसत असल्या तरी बसलेले आठ. सातवा साइटवाला, आठवा सरकार, आणि या दोघांना पानं वाटावी लागत नाहीत.

आता कायद्याचं. बाळे किंवा कुंभारीच्या बाजूला कुठे बाभळीखाली चार माणसं बसली, की पोलिसांची गाडी येते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तेच ठरलेलं वाक्य: 'गोलाकार बसून ५२ पानी पत्त्यांवर पैशाची पैज लावून मन्ना नावाचा हारजितीचा जुगार खेळताना मिळून आले.' सोबत दोन हजार तीनशे रुपये रोख, पत्त्यांचा कॅट, चार मोबाइल आणि एक जुनी दुचाकी असा मुद्देमाल. कायदा १८८७ चा. इंग्रज गेला, कायदा राहिला, बाभळही राहिली. याच कायद्यात एक कलम असं आहे, की ज्यात निव्वळ कौशल्य लागतं त्या खेळाला हे काही लागू नाही. मग १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात निकाल दिला, की रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ. तीन पत्तीचं तसं नाही. रमीवाले सुटले, तीन पत्तीवाले अडकले. पोकरचं घोंगडं भिजत राहिलं. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं त्याला जुगार ठरवलं, इतरत्र वेगळी मतं पडली. साइटवाल्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं घेतलं आणि क्रिकेटपटू, नटमंडळी जाहिरातीत उभी केली. जाहिरातीच्या शेवटी एक बाई इतक्या वेगानं 'सवय लागू शकते, जोखीम आहे, जबाबदारीने खेळा' म्हणायची, की तेवढ्या वेगानं बोलणं हेच खरं कौशल्य. २०२३ च्या ऑगस्टअखेरीस बच्चू कडूंनी सचिन तेंडुलकरांच्या वांद्र्याच्या घरासमोर जाऊन आंदोलन केलं, ते अशाच जाहिरातीवरून.

म्हणजे पानं तीच, पैसेही तेच. बाभळीखाली बसलात तर आरोपी, फोनमध्ये बसलात तर कुशल.

पण फोनमध्येही कोण बसलंय हे पाहावं लागतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाला ड्रीम इलेव्हन या ऑनलाइन खेळात दीड कोटी लागले. आनंदाच्या भरात त्यांनी वर्दीतच मुलाखती दिल्या आणि निलंबित झाले. उलट जुलै २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळताना दिसतात, असा व्हिडिओ रोहित पवारांनी समाजमाध्यमावर टाकला. कोकाटे म्हणाले, आपण खेळत नव्हतो, पडद्यावर आलेला खेळ बंद करत होतो. आम्हाला हे पटलं. कारण आमच्या मालकांनाही वहिनींनी रात्री दोनला पकडलं तेव्हा तेही बंदच करत होते. विरोधकांनी राजीनामा मागितला. मग सरकारनं कठोर निर्णय घेतला: त्यांच्याकडचं कृषिखातं काढलं आणि क्रीडाखातं दिलं. शेती गेली आमचे माजी पालकमंत्री दत्तात्रय भरणे यांच्याकडे. जिंकलेला फौजदार घरी बसला, आणि खेळ बंद करणारा क्रीडामंत्री झाला. मालकांनी या बातमीचं कात्रण काढून वहिनींना दाखवलं. परिणाम झाला नाही.

त्यानंतर महिनाभरातच संसदेला जाग आली. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेनं गदारोळात विधेयक मंजूर केलं, २१ ला राज्यसभेनं, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो की नशिबाचा, बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. तीन दिवसांत कायदा झाला, तेव्हा मालकांनी उरलेले सहाशे चाळीस रुपये काढायचा केलेला अर्ज चौथ्या दिवसात 'प्रक्रियेत' होता.

या कायद्यात खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. तो बळी. मालकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाभळीखाली आरोपी, फोनवर कुशल, आणि आता चक्क पीडित! एवढी बढती त्यांना मागांनी दिली नव्हती. पीडितांना सरकारी मदत मिळते का, याची त्यांनी चौकशीही केली. दरम्यान भारतीय संघाच्या छातीवरचा ड्रीम इलेव्हन जाऊन तिथे टायर आला. आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला जीएसटी परिषद बसली, तिनं पैशाच्या ऑनलाइन खेळावरचा कर २८ वरून ४० टक्के केला. बंदी घातलेल्या गोष्टीवर बंदीनंतर करवाढ! मेलेल्या म्हशीचं दूध वाढवायचं तंत्र दुग्धविकास विभागालाही जमलेलं नाही.

महाराष्ट्राची परंपरा पाहिली तर यात नवल नाही. आपल्याकडे १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता. नियंत्रणही होतं, करही होता, फक्त कॅसिनो नव्हता, कारण कायदा अमलातच आणला नाही. ४७ वर्षं तो फायलीत झोपला आणि २०२३ मध्ये राज्यानं गंभीर चेहऱ्यानं तो रद्द करायचं ठरवलं. बातम्या अशा, जणू सोलापूरच्या नव्या पेठेतले कॅसिनो उद्यापासून बंद.

साइट बंद झाल्यावर मालक आठवडाभर सैरभैर होते. परदेशातून कुणीतरी व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली. साइट कुठल्या देशातली हे बहुधा त्या देशालाही माहीत नसावं. पैसे दरवेळी वेगळ्याच खात्यावर भरायचे. एकदा हे खातं बार्शीकडच्या एका किराणा दुकानाचं निघालं, तेव्हा मालकांनी नाद सोडला. परक्या देशात हरायला हरकत नव्हती, पण बार्शीत?

मग त्यांना विमानाची आठवण झाली. सोलापूरला विमान यावं म्हणून आपण काय नाही केलं? मोर्चे झाले, उपोषणं झाली, सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आडवी येते म्हणून १५ जून २०२३ ला ती बंदोबस्तात पाडली. गळीत हंगाम विरुद्ध उड्डाण असं गावाचं दोन भागांत वाटप झालं. शेतकरी रडला, उद्योजक टाळ्या वाजवत होते. आता मुंबईला तासात पोचू, आयटी येईल, टॉवेल थेट विमानानं जाईल, असं ठरलं. आणि ९ जून २०२५ ला पहिलं विमान उडालं ते गोव्याला. मुंबईच्या विमानाला ऑक्टोबर उजाडला.

म्हणजे बघा, फोनवरचा पोकर बंद व्हायच्या दहा-अकरा आठवडे आधी सरकारनं आमची पर्यायी सोय करून ठेवली होती. नियोजन नाही म्हणता? गोव्यात मांडवी नदीत बोटी उभ्या आहेत, त्यांवर पोकरची टेबलं आहेत, पत्ते पिसायला यंत्र नाही तर हसरी मुलगी आहे, आणि सगळं कायदेशीर. तिथे याला जुगार म्हणत नाहीत, पर्यटन म्हणतात.

मालकांनी तिकीट काढलं. वहिनींना मंगेशीचं दर्शन सांगितलंय. निघायच्या आदल्या दिवशी भेटले तेव्हा जरा काळजीत होते: बोटीवर आपल्याला घेतील का? आम्ही त्यांना धीर दिला. २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. स्वतःची माणसं हरलेली गोवा सरकारला बघवत नाहीत, बाहेरची चालतात. दारात ओळखपत्र बघतात ते यासाठीही. तेव्हा मालक, आधार कार्ड विसरू नका. नोकरीत, कर्जात, सोयरिकीत ज्यामुळे समोरचा नाक मुरडतो, तो सोलापूरचा पत्ता पाहून दार उघडणारी हिंदुस्थानातली पहिलीच जागा आहे ही.